मोटर लावा, फोन जवळ धरा

आमचं जुन्नरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. कोपऱ्यात जळक्या तारेचा ढीग कधी वाढतो ते कळत नाही. किश्शांचंही तसंच. दुकान दादाचं. तो दोन महिन्यांपूर्वी गेला, आणि लोकांना वाटलं दुकानही गेलं. गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं. वहिनी म्हणाली, "भावजी, ती वेबसाइट नीट करून घ्या, न्हाईतर दुकान खरंच जाईल." मी आठवी नापास. तरी हो म्हणून बसलो!

*

वेबसाइट दादानं स्वतः मोबाइलवर बनवलेली. उघडली की त्याच्या सत्काराचा फोटो, मग भीमजयंतीचा बॅनर, मग लेकीचा वाढदिवस.

नीट करायला प्रणाली आली. अवसरीच्या कॉलेजात शिकते, वहिनीच्या ओळखीची. बराच वेळ स्क्रीन सरकवून तिनं विचारलं, "भाऊ, यात दुकान कुठंय?"

"खाली."

"किती खाली?"

"दादाला विचार की," मी सवयीनं बोलून गेलो.

त्या दिवशी काम तिथंच थांबलं.

*

वर अकरा बटणं होती. शेवटचं 'इतर'. ते दाबलं की आत अजून एक 'इतर'. त्याच्या आत मोटर दुरुस्ती!

वहिनी म्हणाली, "मीबी सांगितलं व्हतं त्यांना. तर म्हनले, मोटर समद्यांना ठावं हाय, नवीन काय ते वर टाकायचं."

प्रणालीनं तीनच बटणं ठेवली. दुरुस्ती, पत्ता, फोन.

*

मग पहिली ओळ. जुनी होती, 'दादा स्वतः मोटर बघतात.' ती बदलायलाच हवी होती. मी लिहिलं, 'दादा गेला. दुकान चालू आहे.'

वहिनीनं वाचलं. "जाहिरात हाय का दहाव्याचं पत्र?"

माझं डोकं फिरलं. सगळं पुसून लिहिलं, 'दुकान चालू आहे! चालू आहे! चालू आहे!'

"आता तर बंद पडल्यावानी वाटतंय," वहिनी म्हणाली. शेवटी तिनंच लिहिलं, 'मोटर घेऊन या. दुकान उघडं आहे.'

*

दादाची एक पद्धत होती. कुणाचा फोन आला की म्हणायचा, "मोटर लावा, फोन जवळ धरा." नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचा. असे बरेच आवाज त्यानं वेबसाइटवर ठेवलेले, आणि प्रत्येकाच्या शेवटी तो स्वतः बोलायचा. "ह्याचं बेअरिंग गेलंय." "ह्याची एक फेज गेलीय."

प्रणाली म्हणाली, "हे काढलं तर साइट हलकी होईल."

"आवाजाला हात लावायचा नाय!" मी ओरडलो, आणि दोन दिवस तिचा फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली. चौथं बटण केलं, 'आवाज ऐका'. एकेक लावून बघत होती. शेवटचा लागला. घर्रर्र, खर्रर्र, मध्येच शिट्टी. मग दादा बोलला, "ही मोटर दुरुस्त व्हायची नाय. पर बंद पडली तर मला करमायचं नाय."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. हसत होती का रडत होती, कळेना. "भावजी, हे तुमचं घोरणं!"

प्रणालीनं हळूच विचारलं, "हे काढू?"

"राहू दे," मी म्हणालो.

नवी साइट सुरू झाली. पहिला फोन येडगावहून.

"भाऊ, तुमच्या साइटवर तो शेवटचा आवाज हाय ना? डिट्टो तसंच करतीय आमची मोटर. ती दुरुस्त व्हत नाय म्हनं. खरं का वो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मोटर लावा," मी म्हणालो. "फोन जवळ धरा."