लाल शेपटीचा पक्षी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांसमोर तोंड उघडायची माझी छाती नाही.

मी पेणला रामवाडीत राहतो. रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. भर समुद्रातल्या बेटांवरचे पक्षी कसे ओळखावेत, याचं खिशात मावणारं एक पुस्तक माझ्या नावावर आहे. लोक म्हणतात, सर, तुम्ही बेटं आमच्या घरी आणलीत. आणली का? दोनदा लक्षद्वीपला जाऊन आलो होतो, तेही वस्तीच्या बेटांवर. बाकीचं दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललं. पण सांगायचं ते हे नाही.

नरेश माझा मित्र. कोलाडजवळच्या गावचा, घरची भातशेती, स्वतः रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टला. वडखळच्या खाडीवर आम्ही एकाच दुर्बिणीतून पक्षी बघायला शिकलो. माझं पुस्तक छापून झालं तेव्हा तो म्हणाला, "आता तरी मला ती बेटं दाखव." साठवलेल्या सगळ्या रजा टाकून आला.

लक्षद्वीपच्या एका ओसाड बेटाजवळ आमची होडी हेलकावत होती. आणि डोक्यावरून तो गेला — पांढराशुभ्र, लाल चोचीचा, शेपटीतून दोन लांब लाल पिसं निघालेली. ट्रॉपिकबर्ड. लाल शेपटीचा. नरेशने माझा दंड असा आवळला की वळ उठले. "बघितलास? बघितलास ना?" पिशवीतून कॅमेरा निघेपर्यंत पक्षी दिसेनासा झाला.

मी पाहिला होता. नीट, डोळे भरून. आणि बोललो काय? काहीच नाही. नरेशला वाटलं, आनंदाने माझी वाचा बसली. वाचा बसली होती खरी — कारण छापून झालेल्या पुस्तकात मी ठसक्यात लिहिलं होतं : हा पक्षी आपल्या बेटांवर येत नाही, कुणी पाहिल्याचं सांगितलं तर ती नजरचूक समजावी.

प्रकाशन पेणलाच झालं. भाषणं संपली आणि नरेश उठला. "सरांच्या पुस्तकात एक पक्षी वाढवायला लागंल. आम्ही दोघांनी बघितला हाय." मला भेट देत असल्यासारखा त्याचा चेहरा होता. मुंबईहून आलेले पाहुणे माझ्याकडे वळले. तुम्ही पाहिलात?

एक 'हो' पुरला असता. मी म्हणालो, "ऊन फार होतं. नरेशला भास झाला असावा."

कुणीतरी ते पान काढून 'नजरचूक' मोठ्याने वाचलं. सगळे हसले. नरेश माझ्याकडे बघत बघत खाली बसला. त्याच्या कंपनीतला एक जण तिथे होता, त्यामुळे कंपनीत त्याचं नावच पडलं — लाल शेपटी. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच नाव आलं तेव्हा हसणारा चेहरा मीही टाकला. तो भांडला नाही. त्याने खाडीवर यायचं बंद केलं, एवढंच.

इथवरचं कुणी ताडलंही असेल. पुढचं नाही.

नरेशची मुलगी मेघना माझ्याच वर्गात होती. पोरं तिला चिडवायची — थापाड्याची पोर. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. "सर, बाबा म्हणतात तुम्हीपण बघितला होता. खरं सांगा ना."

तेव्हा तिथे कोण होतं? पाहुणे? सभागृह? एक पोर होती — आणि मी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाबांना यावरून काही बोलू नकोस हं. पण मी नाही पाहिला." किती मायेने म्हणालो! त्यानंतर ती बापाची कुठलीच गोष्ट खरी धरेना. नरेशच्या बायकोनेच हे रडत आमच्या घरी सांगितलं. मी पेपर वाचत होतो. पान उलटलं.

पुढे काही वर्षांनी कुणा पर्यटकाला त्याच बेटांपाशी त्या पक्ष्याचा फोटो मिळाला. दुसऱ्या आवृत्तीत मी पक्षी घातला, फोटोवाल्याचे आभार मानले. नरेशचं नाव? नाही.

ते बघून नरेश आला. आत ये म्हटलं तर दारातच उभा राहिला. "माझं नाव नको टाकूस. माझ्या पोरीला तेवढं सांग."

मी हो म्हणालो.

सांगितलं नाही. यंदा मेघनाचं लग्न झालं. पत्रिका द्यायला नरेश स्वतः आला होता. मी गेलो, पुढच्या खुर्चीत बसलो, अक्षता टाकल्या. ती नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. "हे माझे सर," त्याला म्हणाली. नरेश शेजारीच होता, माझ्या तोंडाकडे बघत — वाट बघत.

"सुखी राहा," मी म्हणालो, आणि जेवायला वळलो.