चार टोपणनावं

विश्वंभर इंगोले मूळचा कुरुंद्याचा. १९९४ साली आमच्या संस्थेत प्रसिद्धीप्रमुख म्हणून लागला. मी तिथंच डी.एड. कॉलेजात मराठी शिकवायचो. तेव्हा त्याचं काम सोपं होतं. कार्यक्रमाची बातमी सुवाच्य अक्षरात लिहायची, फोटो जोडायचा आणि एसटीनं नांदेडला जाऊन पेपरांच्या कचेऱ्यांत देऊन यायचं. चांगलं लिहायचा. त्यानं लिहिलेलं संपादक फारसं कापत नसत.

२००७ मध्ये सचिवसाहेब पुण्याहून ब्लॉगचं खूळ घेऊन आले. विश्वंभर पंचेचाळिशीत मराठी टायपिंग शिकला आणि संस्थेचा ब्लॉग चालवू लागला. त्याला ते आवडलंही. "इथं कापणारं कोणीच न्हाई सर," म्हणायचा.

पुढच्या वर्षी त्यानं मुलींच्या वसतिगृहावर लेख टाकला. स्वच्छ खोल्या, शुद्ध पाणी, घरासारखं वातावरण. दोन दिवसांनी त्याखाली कॉमेंट आली. पहिल्या वर्षाच्या पूजा राठोडनं नावानिशी लिहिलं होतं : 'टाकीत मेलेलं कबूतर निघालं. आठ जणी आजारी आहेत. सांगितलं तर उकळून प्या म्हणतात.'

पूजा आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरची. तिथून कॉलेजपर्यंत आलेली पहिलीच मुलगी.

विश्वंभर कॉमेंट काढायला निघाला होता. सचिवांनी अडवलं. "काढली तर आपण भ्यालो असं होईल. उत्तर द्या. पण संस्थेच्या नावानं नको. चार लोकांनी दिलं पाहिजे."

ती चारही माणसं विश्वंभरनंच तयार केली. एक 'माजी विद्यार्थिनी', एक 'जागरूक पालक', एक 'सत्यवादी', एक 'शेजारी'. पहिल्या तिघांनी पाण्याची स्तुती केली. चौथ्यानं, म्हणजे 'शेजारी'नं लिहिलं, की पाण्याचं निमित्त आहे, ही मुलगी संध्याकाळनंतर वसतिगृहात नसतेच, तांड्यावरच्यांना शिस्त कशी सोसणार. मला त्यानं ते दाखवलं. मी म्हणालो, "शेवटचं जरा जास्त होतंय." एवढंच म्हणालो आणि तासावर गेलो.

नेट तेव्हा गावोगावी नव्हतं. त्यामुळं ते तिथंच राहील असं आम्हाला वाटलं. पण कोणीतरी पान छापून झेरॉक्स काढल्या आणि बाळापूरच्या आठवडी बाजारात वाटल्या. पूजाचा बाप खेमा राठोड याच्याही हातात एक आली. त्याला वाचता येत नव्हतं. औषधाच्या दुकानात त्यानं ती वाचून घेतली. भर दुकानात, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी तो संस्थेत आला. विश्वंभरच्या टेबलावर कागद ठेवून म्हणाला, "साहेब, ही चार माणसं कोण्या गावची हायेत? मला भेटायचंय त्यायला."

"काहून?"

"माझ्या लेकराला यायनं कुठं पाह्यलं, तेवढं इचारायचंय."

तो भांडत नव्हता. खरंच पत्ता मागत होता. विश्वंभर म्हणाला, "मला न्हाई माहीत." खेमानं नमस्कार केला आणि पूजाला सामानासकट घेऊन गेला. तिची वर्गातली वही माझ्याकडे तपासायला होती. ती तशीच राहिली.

 आठवड्यानं एका सकाळी विश्वंभरनं ब्लॉगवर स्वतःच्या नावानं लिहिलं : ती चारही नावं माझी आहेत, कबूतर मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पूजा राठोड खरं बोलली. त्याचा छापील कागद घेऊन तो तांड्यावर गेला. पूजा अंगणात कापूस निवडत होती. तिनं कागद पूर्ण वाचला आणि परत दिला.

"हे आता बाजारात कोण वाचून दाखवणार, सर?"

"मी दाखवतो."

"तुमचं कोण ऐकून राहिलंय? माझं लग्न ठरलं." आणि ती पुन्हा कापसाकडे वळली.

त्याच दुपारी सचिवांनी त्याचा राजीनामा घेतला. त्यानं ब्लॉगचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि बसनं कुरुंद्याला गेला. तिथं तो भावाच्या हळदीच्या कामात लागला. पुढं कोणी लग्नपत्रिकेचा मजकूर मागितला तरी लिहून देत नसे.

त्याची जागा मला मिळाली. चिठ्ठी माझ्या हातात देऊन सचिव म्हणाले, "ती पोस्ट आधी काढा."

मी काढली. अकरा जणांनी वाचली होती. मग विचारलं, "त्या चार कॉमेंटही काढू का? आणि त्या मुलीची?"

"मुलीची काढा. त्या चार राहू द्या. लोक आपल्याबद्दल चांगलं लिहितात, ते दिसायला पाहिजे."

मी मुलीची काढली.