दुर्मुशच्या हातावरची मेंदी

दुर्मुश कधी कुठे गेला नाही. एकदा अंकाराला गेला होता, पण आपल्या गादीशिवाय झोप येत नाही म्हणून लगेच परतला. आणि हाच माणूस आमच्या भागातल्या प्रत्येक लग्नात विरहाचं गाणं गायचा. डोळे मिटून, मान तिरपी करून, साझ या तंतुवाद्याची लांब दांडी खांद्याला टेकवून. उन्हाळ्यात जर्मनीहून सुटीवर आलेले कामगार ते ऐकून रडत आणि रडून झालं की मटण-भातावर तुटून पडत. मला त्याच्या गाण्याची आणि त्यांच्या रडण्याची सारखीच शिसारी यायची.

गाणं त्याचं नव्हतंच. ते एल्मासमावशीचं. तिचा नवरा लग्नाची मेंदी उतरायच्या आत जर्मनीला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. मावशी भट्टीपाशी रोट्या भाजताना ते गुणगुणायची. दुर्मुशचं घर तिच्या भिंतीला लागून. बाईच्या घरातलं गाणं बाहेर ऐकू आलं की ते उचलणाऱ्याचं, असं आमचे पुरुष मानतात.

आमच्याकडे रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. दुर्मुशनं तेवढं एकच काम केलं. आळशी माणूस, नाव घुसवलं आणि बाकीचं कडवं तसंच ठेवलं. ‘दुर्मुश म्हणे, वेणी पिकली माझी, मेंदी विटली, धनी, तुम्ही आला नाही.’ वर्षानुवर्षं मिशाळ बाप्ये या ओळीवर हुंदके देत होते. एकालाही काही खटकलं नाही.

मग अंकाराच्या रेडिओ केंद्रातून नेज्देत बे नावाचे साहेब गाणी गोळा करायला आले. गाणं वाजवताना रचणाऱ्याचं नाव सांगणार होते. त्या नावासाठी दुर्मुश भर उन्हात लोकरी कोट चढवून कॉफीच्या दुकानात बसला. शेवटचं कडवं झालं आणि नेज्देत बेंनी टेपचं यंत्र थांबवलं.

“उस्ताद, हे धनी कोणाचे?”

“माझे,” दुर्मुश म्हणाला. मग कपाळ पुसत सावरला, “म्हणजे, कवीचं मन हो. कवी कधी बाई होतो, कधी पक्षी होतो.”

नेज्देत बेंनी आदरानं मान डोलावली. शिकलेल्यांना असलं बोलणं फार आवडतं.

दुकानदार बेकिर पेले विसळत म्हणाला, “पक्षी नंतर व्हा. आधी शेजारी विचारून या.”

एल्मासमावशी छपरावर उकडलेला गहू वाळत घालत होती. खाली आम्ही सगळे माना वर करून उभे. दुर्मुशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मावशी, ते विरहाचं गाणं कोणाचं?” नेज्देत बेंनी विचारलं.

“कोण म्हणतो स्वतःचं?”

“हे दुर्मुश उस्ताद.”

मावशीनं त्याला कोटापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. “मग त्याचंच. वेणी त्याची, मेंदी त्याची. आणि तो धनी कधी परत आला, तर तोही यालाच द्या. मी कोणाची वाटबिट पाहिलेली नाही.” ती पुन्हा गहू पसरू लागली.

“बघा,” दुर्मुश म्हणाला, “मावशी खोटं बोलायची नाही.” त्याला पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं होतं.

रेडिओवर त्याचं नाव वाजलं. बेकिरच्या दुकानात सगळ्यांनी ते ऐकलं. पुढच्याच लग्नात शेवटचं कडवं आलं आणि नवऱ्या मुलाचा काका मागून म्हणाला, “वहिनी, जरा हात दाखवा की. मेंदी बघू.” मांडव हसून लोळला. तेच लोक, जे कालपर्यंत रडत होते.

आता दुर्मुश त्या कडव्याच्या आधीच साझ खाली ठेवतो आणि पाणी मागतो. मग बायकांच्या बाजूनं कोणीतरी ते पुरं करतं, जसं मुळात होतं तसं, कोणाच्याही नावाशिवाय. मावशी त्यांच्यातच बसलेली असते. ती गात नाही. मटणात मीठ कमी पडलंय, एवढंच शेजारणीला सांगते.