दहा वर्षं टिकणारा सोल

माझं शिवणकामाचं दुकान आणि शेजाऱ्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पातळ. तिकडे हातोडा पडला की इकडे माझ्या डब्यातल्या टाचण्या खुळखुळतात. एकवीस वर्षं मी हे ऐकते आहे. गल्लीत त्यांना सगळे 'दहावर्षे' म्हणतात, कारण सोल बसवून बूट परत देताना त्यांचं वाक्य ठरलेलं: "आता दहा वर्षं बघायला नको." आणि 'हे दुरुस्त होत नाही, नवीन घ्या' असं त्यांच्या तोंडून एकाही गिऱ्हाइकाने ऐकलेलं नाही. तसं म्हणणं त्यांना अपमान वाटतो. बुटाचा नाही, स्वतःचा.

असा हा माणूस बावन्नाव्या वर्षी पळायला लागला. हौस म्हणून नव्हे. मुलीला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा ती पास झाली होती. राहिली होती पळण्याची चाचणी, ठरलेल्या वेळात सोळाशे मीटर. पुढच्या भरतीला तिचं वय उलटणार होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला. सराव पहाटे, रस्त्यावर मोकाट कुत्री, आईची रुग्णालयाच्या धुलाईघरात सकाळची पाळी. मग सोबतीला बापाशिवाय आहे कोण?

त्यांच्या दुकानात एक फळी आहे, परत न्यायला कोणी आलंच नाही अशा बुटांची. त्यातले पळायचे दोन जोड त्यांनी काढले, तळाला अंगठा लावून पाहिला आणि नाक मुरडलं. "भुसभुशीत आहे हो. दोन महिन्यांत झिजेल." मग रापीने, म्हणजे त्यांच्या चामडं कापायच्या सुरीने, तो सगळा मऊ तळ खरवडून टाकला. त्या जागी टायरचं जाड रबर, वर दुहेरी शिलाई. तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. मुलीचा जोड मला दाखवायला आणला तेव्हा चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "ताई, वाकवून बघा." मला काही तो वाकला नाही. मीही तोंडभर कौतुक केलं. त्या पापात माझाही वाटा आहे.

तिसऱ्या आठवड्यात ते चहाला आले आणि पँट वर सरकवून बसले. घोट्याच्या वर, नडगीच्या आतल्या कडेला बोट टेकवलं तरी ओरडत होते. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागतात म्हणाले. गल्लीतले फुकटचे वैद्य लगेच गोळा झाले. पेपरवाला म्हणाला तेल चोळा, न्हावी म्हणाला पट्टी आवळून बांधा, किल्लीवाला म्हणाला, "अंगवळणी पडेपर्यंत दुखणारच, पळत राहा." त्यांनी सगळं केलं. रोग रेड्याला नि औषध पखालीला, पण ते तेव्हा कोणाला सुचलं?

"वय झालं, दुसरं काय," ते म्हणाले. "पोरीला बोलू नका. मी थांबलो तर ती एकटी जाईल."

चारच दिवसांनी मुलगी आली. पळायच्या पँटची उंची कमी करायची होती. मी खाली बसून टाचणी लावत होते, माझा हात नडगीला लागला आणि ती दचकून मागे सरली. मी पँट वर केली. अगदी तीच जागा, दोन्ही पायांना.

"काकू, बाबांना सांगू नका."

"बूट त्रास देतात का गं?"

"बूट चांगलेत," ती म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

झालं. बापाचं गुपित माझ्याकडे, लेकीचंही माझ्याकडे. मी काय कपाट आहे? भिंतीपलीकडचा हातोडा आता थांबत थांबत पडायचा. मुलगी कोपऱ्यापर्यंत लंगडत यायची आणि दुकान दिसलं की ताठ व्हायची. मी मशीनवरून पाहत राहायची. दोघंही दिवसेंदिवस थकत चालली होती, आणि चाचणीला पाच आठवडे राहिले होते.

शेवटी मी दुकान बंद केलं आणि त्यांना दवाखान्यात ओढून नेलं. तीस माणसांच्या मागे नंबर लागला. फिजिओ बाई आमच्यापेक्षा दमलेली दिसत होती. तिने नडगी दाबून पाहिली आणि मग बूट मागितला. दोन्ही हातांनी वाकवायला गेली. हात बदलले, गुडघ्याचा टेकू घेतला.

"हा बूट आहे की फळी?"

"मी बनवलाय," ते म्हणाले. त्यांना ती शाबासकी वाटली.

बाई चिडली नाही. "काका, पळताना जो दणका बसतो तो कोणीतरी खायचा असतो. बुटाने नाही खाल्ला तर हाड खातं. असंच चालू ठेवलंत तर हाडाला चीर जाईल." तीन आठवडे पळणं बंद, तिने सांगितलं. बर्फाने शेकायचं, भिंत धरून टाचा वरखाली करायच्या, मग मऊ मातीवर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, हळूहळू वाढवायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"सत्तावीस वर्षांच्या मुलीचंही हाड असंच..."

"हाड सगळ्यांचं हाडच, काका."

दुकानात परत पोचल्यावर त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

"पाय दाखव."

"कशाला? मला काही झालेलं नाही."

तेव्हा माझा संयम सुटला. "पुरे झालं! हे भिंत धरून उठतात आणि तू कोपऱ्यावरून लंगडत येतेस. दोघं एकमेकांना फसवा, पण मला आंधळी समजू नका."

मुलगी स्टुलावर बसली आणि रडायला लागली. "तीन दिवस बसून शिवलेत त्यांनी. कोणत्या तोंडाने सांगू?"

त्यांनी तिचा बूट मांडीवर घेतला आणि सोल उसवायला सुरुवात केली. दुहेरी शिलाई, एकेक टाका तोडावा लागला. चिकटवलेलं सुटेना. रापी दोनदा निसटली, एकदा बोटाला लागली. आलेल्या गिऱ्हाइकांना मी परत पाठवत होते. चार तास त्यांचं स्वतःचंच काम त्यांना पुरून उरलं. सोल निघाला तेव्हा खाली काहीच नव्हतं, मऊ थर त्यांनीच तर खरवडून टाकला होता. बूट त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

"हे आता दुरुस्त होत नाही," ते म्हणाले. "नवीन घे."

एकवीस वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. मला ते ऐकवेना.

पुढचे तीन आठवडे बाप-लेक रोज दुपारी भिंतीला हात लावून टाचा वरखाली करत उभे. इकडे माझ्या टाचण्या खुळखुळायच्या. मग दोनच आठवडे उरले. मऊ बूट घालून ती गवतावर पळायची, ते कडेने चालायचे. पुरेल का, हे कोणीच मोठ्याने विचारलं नाही.

चाचणीच्या दिवशी आम्ही मैदानाच्या कुंपणाच्या गजांबाहेर उभे होतो. शेवटच्या फेरीत ती मागे पडत होती. माझे डोळे घड्याळावर. चार सेकंद राहिले असताना तिने रेघ ओलांडली आणि मी किंचाळले. त्यांनी घड्याळ पाहिलंच नव्हतं. ती धापा टाकत गजांपाशी आली.

"पाय?" त्यांनी विचारलं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"दुखतायत, बाबा. खूप."

"कुठे ते दाखव," ते म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी गजांतून हात आत घातला.