अडकलेले सवाल

"हे आता होणार नाही," असं कोणी म्हटलं की नीलम पेडणेकरच्या अंगात वारं शिरतं. पूनम सागरमधल्या तिच्या झेरॉक्सच्या दुकानात निम्मी माणसं बिघडलेलं काहीतरी घेऊनच येतात. शिक्षण बारावी. सतरा वर्षं एका ऑफिसात डेटा एन्ट्री केली, ऑफिसाने गाशा गुंडाळला तेव्हा रडत न बसता हे दुकान टाकलं. चिकाटी अशी, की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

शनिवारी सकाळी उत्तनहून इनेझ आली, लॅपटॉप छातीशी कवटाळून. ऑफिसातली जुनी मैत्रीण. तिची भाची टिना हिचं उद्या लग्न, आणि आज चार वाजता बायका गाणी म्हणत नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला निघणार. इनेझच्या घरची गाणी सवाल-जवाबाची. सवाल तिची आई करायची, जवाब इनेझ द्यायची. आई पाच महिन्यांपूर्वी गेली. तिचे सवाल आणि आपले जवाब इनेझने वेळीच फोनवर रेकॉर्ड करून ठेवले होते, पण तो फोन जेट्टीवरून पाण्यात पडला.

"नेटवरनं लॅपटॉपमधी आपोआप यायचे गं," इनेझ म्हणाली. "सोमवारी अपडेट मारला. त्यानं सगळं परत उतरवायला घेतलं, नि बावीसमधले अकराच आले. रिपेरवाला बोलला, बाकीचे गेले. आयनं विचारल्याशिवाय मी जवाब कसा देऊ? मी आज गानारच न्हाय."

"गेले म्हणे! तो कोण टिकोजीराव?"

नीलमने लॅपटॉप बंद करून चालू केला. खातं काढून पुन्हा जोडलं. आकडा अकरावरून हलेना. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक केव्हाचं आधार कार्ड नाचवत होतं.

"मॅडम, मेरा दो कॉपी..."

"रुको ना भैया!"

मग तिला कोपऱ्यातली बारीक लाल फुली दिसली. तिच्यावर दाबलं तशी न आलेल्या फायलींची यादी उघडली, आणि नीलम मोठ्याने वाचू लागली. इनेझने प्रत्येक फायलीला गाण्याच्या पहिल्या ओळीचंच नाव दिलेलं. 'नवरीचा मामा कुठं हाय?' 'हळद कोनी वाटली?' 'पानी कुठनं आनू?'

नीलम खुर्चीतून उठलीच. "इनेझ! अगं, जवाब आलेत, सवाल अडकलेत! सगळ्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे बघ! नव्या अपडेटला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही!"

"एवढंच?"

"एवढंच गं बाई!"

नीलमने लॅपटॉप पुढ्यात ओढला. तिने इंटरनेटवर इनेझचं खातं उघडलं. तिथे सगळे बावीस हजर! तिने 'पानी कुठनं आनू?' यातलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि दोघी श्वास रोखून बसल्या. निळी चकती फिरली, फिरली, आणि हिरवी खूण उमटली. फाईल लॅपटॉपवर उतरली होती.

"आली!" नीलमने टाळीच वाजवली. आधारवाल्यानेही वाजवली, का ते त्याला ठाऊक नव्हतं.

"लाव," इनेझ म्हणाली.

म्हातारीचा खरखरीत आवाज दुकानात घुमला. खोडलेलं प्रश्नचिन्ह त्या आवाजात जिथल्या तिथे होतं. सवाल विचारून आवाज थांबला.

नीलम पुढच्या फायलीकडे वळणार, तोच मागून सूर आला. इनेझ तिथेच, झेरॉक्स मशीनला टेकून, आईला जवाब देत होती.