खरा तर्जुमा सांगणारे भगवंतराव

भगवंतरावांना मी प्रथम पाहिले ते बीडच्या अदालतीच्या ओसरीवर. मी नुकताच वकिलीची सनद घेऊन आलो होतो. अदालतीचे सारे काम उर्दूत चाले आणि पक्षकार बहुतेक मराठी बोलणारे; आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना वकिलाच्या तोंडाकडे पाहून ओळखावे लागे. जुने वकील भगवंतराव मात्र ओसरीवर मांडी घालून बसले होते आणि निकालाचे एकेक वाक्य एका म्हाताऱ्याला मराठीत सांगत होते. म्हातारा कंटाळून म्हणाला, "सायेब, हारलो एवढं कळलं. बास झालं."

"कावून हारलो, तेबी ऐका," भगवंतराव म्हणाले. "तेवढा तर तुमचा हक्क हाय."

मी त्यांच्या हाताखाली काम मागितले आणि त्यांनी ते दिले. प्लेगात माझी आई गावाबाहेरच्या झोपडीत पडली, तेव्हा आमचे भाऊबंदही फिरकले नाहीत. भगवंतराव रोज सकाळी तिच्यासाठी पेज घेऊन येत आणि ती संपेपर्यंत दाराशी बसत. आई वाचली नाही. पण ती एकटी गेली नाही, हे मी विसरू शकत नाही.

त्यांचे जे काम आता सर्वांना ठाऊक आहे, ते तेलगावचे. अमीनसाहेबांचा, म्हणजे आमच्याकडच्या फौजदारांचा, मुक्काम तेथे पडला होता. एका धनगराने मुक्कामाला बकरे दिले. पण अमिनांचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावी जायला नकार दिला, कारण त्याच्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या. त्याला ठाण्यात नेले. परत आले ते प्रेत. मोगलाईत, म्हणजे आमच्या या संस्थानात, असे पुष्कळ घडते आणि तेथेच राहते. भगवंतरावांनी ते इंग्रजी हद्दीतल्या वर्तमानपत्रांना कळवले. तिथून बातमी विलायतेत पोचली. परदेशातल्या काही सज्जनांनी सभा घेतल्या, आणि अखेर एक इंग्रज बाई आणि एक स्विस डॉक्टर चौकशीसाठी तेलगावात आले. सरकारने त्यांच्यासोबत आपला दुभाषी दिला होता.

चावडीत धनगराची विधवा भिवराबाई उभी राहिली. आजूबाजूला शिपाई होते. ती म्हणाली, "मह्या मालकाला जिता नेला. ताप न्हवता, काई न्हवतं. पाठ म्या सोता धुतली. हात ठिवाया जागा न्हवती."

दुभाष्याने इंग्रजीत सांगितले, "बाई म्हणते, नवरा तापाने गेला."

भगवंतराव लोकांत मागे बसले होते. ते उठले आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "ती असे म्हणाली नाही." मग तिचा शब्दन् शब्द त्यांनी पाहुण्यांना सांगितला. अमीन ओरडले, "बैठ जाओ!" भगवंतराव पुरते सांगून झाल्यावर बसले. इंग्रज बाईंनी भिवराबाईचा हात हातात घेतला. त्या वेळी आम्हाला खरेच वाटले की आता काहीतरी होईल.

काहीच झाले नाही. तिची जबानी दूरदूरच्या देशांत छापून आली. पार्लमेंटात प्रश्न निघाला. उत्तर मिळाले की हा संस्थानाचा अंतर्गत कारभार आहे. दरबाराने चौकशी नेमली आणि मृत्यू तापानेच झाल्याचे ठरवले. अमिनांना बढती मिळाली, भगवंतरावांची सनद काढून घेण्यात आली. भिवराबाईची मेंढरे पिकात शिरल्याचा आळ घेऊन कोंडवाड्यात घातली. चाऱ्यावाचून बरीचशी तिथेच मेली.

ती एका दुपारी बीडला त्यांच्या घरी आली. मी तिथे होतो.

"वकीलसायेब, त्या गोऱ्या बाईनं ऐकलं न्हवं?"

"ऐकलं, भिवराबाई. लई लोकांनी ऐकलं."

"मंग?"

भगवंतराव म्हणाले, "मंग काई न्हाई."

तिने पदराने तोंड पुसले. "तुमी तरी खोटं बोलला न्हाई," एवढे बोलून ती उठली. ती माहेरी आष्टीकडे गेली ती परत आली नाही. त्या दिवशी भगवंतरावांना मी प्रथमच रडताना पाहिले.

तरीही ते थांबलेले नाहीत. सनद नसल्याने अदालतीत उभे राहता येत नाही, म्हणून गावोगाव फिरून ते लोकांना सरकारी हुकूम मराठीत समजावून सांगतात. गेल्या महिन्यात घाटनांदूरला त्यांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले होते. परदेशातून आता कोणी विचारत नाही.

त्यांच्या साठीचा समारंभ बीडमध्ये करण्याची परवानगी आम्हाला मिळाली नाही. म्हणून हा गौरवग्रंथ हद्दीपलीकडे छापला जात आहे आणि सत्कारही तिकडेच होईल. सत्काराला ते येईनात. "कशाचा सत्कार? काय बदललं?" असे ते विचारत. आमच्या आग्रहाखातर ते येत आहेत.

त्यांचे गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. परमेश्वराने त्यांना पायांत बळ आणि डोळ्यांना उजेड द्यावा. आमच्या मुलुखात शंभर वर्षे जगावे असे दिवस नाहीत, हे ठाऊक असूनही त्यांच्यासाठी आम्ही शंभर वर्षे मागतो. कारण त्यांच्यामागे चावडीत कोण उठून उभे राहील, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही.