बेलखालचं रबर

काका कपात चमचा ढवळायचे, पण किणकिण कधी ऐकू यायची नाही. दार लावताना कडी बोटाने धरून अलगद सोडायचे. स्क्रूड्रायव्हरला दोरी बांधून ती मनगटात अडकवायचे, हातातून सुटला तरी खाली पडू नये म्हणून. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचे.

मी कॉलेजात साहित्य शिकवायचो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. वयात चाळीस वर्षांचं अंतर, तरी दोस्ती जमली.

ते एकोणीस वर्षं पाणबुडीवर मेकॅनिक होते. इंजिनं, पंप, पंखे, सगळं तिथे जाड रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं. यंत्रांची थरथर बाहेरच्या पोलादापर्यंत पोचली तर पाण्यातून लांबवर ऐकू जाते, शत्रूला पत्ता लागतो. ते रबर तपासणं हे काकांचं काम.

"आठवडेच्या आठवडे पाण्याखाली," ते सांगायचे. "पाना पडला तरी सगळे श्वास रोखायचे. तुम्हा साहित्यवाल्यांचं बरं, बोलून पोट भरतं."

घरीही मिक्सरखाली रबर, शिलाई मशीनखाली रबर.

"मांजराशी संसार केला असता तर निदान म्याव ऐकलं असतं," काकू म्हणायच्या.

मार्चमध्ये काकांना हार्ट अटॅक आला. थोडक्यात वाचले. डॉक्टरांनी बजावलं, छातीत दुखलं की लगेच हाक मारायची. काकूंचा नवऱ्यावर भरवसा नव्हता. त्यांनी काकांनाच पलंगाशी बटण आणि स्वयंपाकघरात बेल बसवायला लावली.

बेल बसली. मी बटण दाबलं.

"अरे, दाब ना," काकू आतून म्हणाल्या.

"दाबलंय, काकू."

बेलखाली जाड रबर होतं, घंटीलाही टेकलेलं.

"भिंत थरथरते गं," काका ओशाळून म्हणाले.

"थरथरू दे. पडली तरी चालेल. मला ऐकू आलं पाहिजे. काढा ते."

"उद्या काढतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्टुलावर चढले. अर्धं काम झाल्यावर "जरा पडतो" म्हणून खोलीत गेले. काकू भाजी चिरत होत्या. मधे दहा पावलं. तासाभराने त्या चहा घेऊन गेल्या. काका गेले होते, उशीचा अभ्रा दातांत घट्ट धरून.

बेल अजून तशीच आहे. चारांतले दोन स्क्रू भिंतीत. काढलेले दोन वाटीत, आणि वाजू नयेत म्हणून वाटीच्या तळाशी फडकं.